पाहणी वरून, दुरुस्ती खालून

दिवाळीत रंगवलेल्या भिंतीचे पोपडे पुढच्या आषाढात निघाले, की पहिला संशय गच्चीवर जातो. कुणीतरी वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर देतो. तो येतो, गच्चीवर पांढरा थर मारून जातो आणि पुढच्या पावसात ओल त्याच जागी, त्याच आकारात पुन्हा उमटते. आमच्या साताऱ्याच्या घरात हे दोनदा झालं. तिसऱ्या वर्षी आलेल्या वयस्क गवंड्याने गच्चीकडे पाहिलंही नाही. त्याने कोपऱ्यातल्या पावसाळी पाइपाच्या बुडाशी पहार घातली. फरशीखालचा बेंड गाळाने गच्च भरलेला निघाला. वरून उतरणारं पाणी तिथे अडत होतं, पाइपात चढत होतं आणि नऊ फुटांवरच्या एका सुट्या जोडातून भिंतीत मुरत होतं. गच्चीचा काहीच दोष नव्हता.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: पाहणी वरून खाली करायची आणि दुरुस्ती खालून वर. पाणी वरून येतं, म्हणून त्याच्या मागोमाग चालत गेलं की दोष सापडतो. दुरुस्तीला मात्र बुडापासून हात घालावा लागतो. खालची वाट तुंबलेली असताना वरचं तोंड मोठं केलं, तर तुंबलेल्या जागी पाणी आणखी जोराने येऊन आदळतं. आपल्याकडे बहुतेक खर्च वाया जातो तो हा क्रम उलटा झाल्यामुळे.

आपला पाऊस आणि आपली माती

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याचा पाऊस वेगळा आणि जत-आटपाडीचा वेगळा. पाऊस कमी तिथे पाइपाची काळजी नको, असं पूर्वेकडच्या लोकांना वाटतं आणि तिथेच ते फसतात. पाइपाला वर्षाचा पाऊस कळत नाही, त्याला अर्ध्या तासाचा पाऊस कळतो. जुलैत पाटणला दिवसभर लागून राहणारी झड पाइपाला एकवेळ झेपते. पण मे महिन्यात मिरजेला किंवा विट्याला विजांसह कोसळणारा वळीव आणि परतीचा हस्ताचा पाऊस पाऊण तासात सगळी परीक्षा घेऊन जातो.

मातीचंही तसंच. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या साताऱ्याच्या पेठांमध्ये पाण्याला वेग असतो. ते येताना मुरूम, वाळू आणि खडे घेऊन येतं. खाली कातळ किंवा कठीण मुरूम लागला की खोदाईचा खर्च वाढतो, म्हणून पाइप फरशीच्या अगदी खाली उथळ टाकला जातो आणि पुढे चारचाकीच्या चाकाखाली फुटतो. सांगली-मिरजेकडे गणित उलटं आहे. जमीन सपाट, त्यामुळे ढाळ मिळवण्यासाठी इंच-इंच मोजावा लागतो. त्यात काळी माती. ती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते. कोपऱ्यातला पाइप पायाजवळच पाणी सोडत असेल, तर त्या एका कोपऱ्याखालची माती फुगते, बाकीची तशीच राहते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते ती बऱ्याचदा यामुळे. हीच माती जमिनीखालच्या पाइपाचे जोड दर उन्हाळ्यात ओढून सुटे करते.

आधी कागद-पेन्सिल

पाहणीला निघण्यापूर्वी घराचा ओबडधोबड नकाशा काढा. गच्चीची पाणी जाणारी तोंडं, प्रत्येक पाइप, प्रत्येक चेंबर आणि शेवटी पाणी जिथे पडतं ती जागा, म्हणजे गटार, ओढा, नाला किंवा शोषखड्डा, त्यावर दाखवा. बाणाने पाण्याची दिशा लिहा. दहा घरांपैकी सात घरांत हा बाण कुठेतरी अडतो: पाइप फरशीत शिरताना दिसतो, पुढे कुठे जातो ते घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. दुरुस्तीची सुरुवात त्या प्रश्नचिन्हापासून होते.

सोबत घ्यायचं सामान साधं आहे. वीस लिटरच्या दोन बादल्या, बॅटरी, हातातला आरसा, ओळंबा, गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब, खडू, पहार आणि कपड्याची नीळ. शिडीवर चढताना खाली धरायला माणूस हवा. पाइपाशेजारून विजेची सर्व्हिस वायर गेलेली असेल, तर ओल्या हाताने तिथे जाऊ नका.

गच्ची आणि कौलं

गच्चीवर दोन-तीन बादल्या ओता आणि अर्ध्या तासाने या. पाणी जिथे साचून राहिलं असेल तिथे खडूने रेघ मारा. गच्चीला दहा फुटांना निदान सव्वा इंच ढाळ हवा. पाण्याचं तोंड ही गच्चीतली सगळ्यांत खालची जागा असायला हवी. प्रत्यक्षात कोब्यावर कोबा चढवत गेल्याने ते तोंड भोवतालापेक्षा वर गेलेलं आढळतं. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात गवंडी जो गोल वाटा मारतात, त्याला तडा आहे का ते बोट फिरवून बघा. तोंडावरची जाळी सपाट असेल, तर एक पेरूचं पान आणि एक प्लॅस्टिकची पिशवी तिला झाकायला पुरतात. घुमटाच्या आकाराची उंच जाळी बसवली, तर भोवती पानं साचली तरी वरून पाणी आत जात राहतं.

गच्ची कितीही लहान असो, तोंडं दोन हवीत. शिवाय कठड्याला, गच्चीच्या पातळीपासून दोनेक इंच वर, जादा पाण्यासाठी एक भोक ठेवा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० सेंटिमीटर पाणी तुंबलं, तर स्लॅबवर ९ टनांहून अधिक वजन बसतं. शिवाय त्या भोकातून धार लागलेली दिसली, की खालचं तोंड तुंबल्याची बातमी फुकट मिळते.

साताऱ्याच्या जुन्या पेठांत, वाईत आणि सांगलीच्या गावभागात अजून कौलारू घरं आणि वाडे आहेत. वाड्यात पागोळ्या चौकात पडत आणि दगडी मोरीतून बाहेर जात. पुढे पत्र्याच्या पन्हळी आल्या. पन्हळीत पाणी साचलेलं दिसलं, तर तिचे लोखंडी आकडे वाकले आहेत असं समजा. कौलाची शेवटची ओळ पन्हळीच्या आत दोनेक इंच यायला हवी, नाहीतर पाणी मागून वळचणीच्या वाशावर उतरतं आणि वासा टोकाकडून कुजतो. चौकातली मोरी पुढे कुणी फरशी घालताना बुजवली नाही ना, हे वाड्यात आधी पाहावं.

उभा पाइप

आता पाइपाकडे या. वीटकाम किंवा गिलावा कुठे काळवंडलाय, लोणा कुठे आलाय, शेवाळाचा उभा पट्टा कोणत्या उंचीपासून सुरू होतो, ते टिपा. पट्टा जिथे सुरू होतो, त्याच्या थोडा वरचा जोड हा पहिला संशयित. पाइपामागच्या भेगेत पिंपळाचं किंवा उंबराचं रोप उगवलं असेल, तर तिथे बारमाही ओल आहे हे नक्की. रोप नुसतं तोडू नका, मूळ काढावं लागेल.

जोडाचं तोंड, म्हणजे रुंद सॉकेट, वरच्या दिशेला असायला हवं आणि वरचा पाइप त्यात उतरलेला असायला हवा. घाईतल्या कामात तो उलटा बसवलेला सापडतो. मग कितीही चिकटवा, तो गळणारच. क्लॅम्प पाच-सहा फुटांवर एक तरी हवा. भिंत आणि पाइप यांत बोटभर अंतर हवं, म्हणजे गळती झाली तरी ती भिंतीत शिरत नाही आणि रंगाचा ब्रशही मागे पोहोचतो.

जुन्या इमारतींत बिडाचे पाइप असतात. त्यांचा पुढचा भाग रंगवलेला आणि धडधाकट दिसतो, मागची बाजू गंजून चाळण झालेली असते. मागे आरसा धरून बघा. सिमेंटच्या जुन्या पाइपांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते ग्राइंडरने कोरडे कापू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओले ठेवून अख्खे उतरवा. काही ठिकाणी शोभा जाऊ नये म्हणून पावसाळी पाइप चक्क आरसीसी कॉलममध्ये गाडलेला असतो. तो गळत असेल, तर दुरुस्तीच्या नादाला लागू नका. आत गज गंजतात. तो पाइप वरून बंद करा, बाहेरून नवीन टाका आणि कॉलम एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

जमिनीखालचं न दिसणारं

आता बादली आणि नीळ. गच्चीच्या तोंडात दोन बादल्या पाणी एकदम ओता आणि एकाला खालच्या चेंबरशी उभं करा. पाणी लगेच, भरधाव आलं तर उभा पाइप मोकळा आहे. गुडगुड आवाज करत, अडखळत आलं तर बेंडात गाळ आहे. तिसऱ्या बादलीत नीळ कालवा आणि ती कुठे निघते ते शोधा. रस्त्याच्या गटारात निघाली तर उत्तम. संडासाच्या चेंबरमध्ये निघाली, तर कुणीतरी पावसाळी पाणी मैलावाहिनीला जोडून ठेवलंय. मोठ्या पावसात तळमजल्याच्या बाथरूममधून घाण वर येते ती याच जोडामुळे. शेजाऱ्याच्या आवारात निघाली, तर तुमच्यातल्या जुन्या भांडणाचं कारण सापडलं. आणि कुठेच निघाली नाही, तर ते पाणी तुमच्या जोत्याखाली राहत आहे.

दोन चेंबरांमधली ओळ तपासायला जुन्या गवंड्यांची आरशाची युक्ती अजून चोख चालते. एका चेंबरजवळ उभं राहून आरशाने उन्हाचा कवडसा पाइपात सोडायचा, दुसऱ्या चेंबरमधून दुसरा आरसा धरून आत बघायचं. पूर्ण गोल उजेड दिसला तर ओळ सरळ आणि मोकळी. अर्धचंद्र दिसला तर मध्ये पाइप बसलाय किंवा गाळ साचलाय. काहीच दिसलं नाही तर पाइप तुटलाय, तुंबलाय किंवा मध्ये न सांगितलेलं वळण आहे.

गळतीची परीक्षा याच्या पुढची. खालच्या चेंबरमधलं पाइपाचं तोंड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोणपाटाने घट्ट बंद करा, वरचं चेंबर अर्ध्यापर्यंत भरा. विटेचं चेंबर सुरुवातीला स्वतःच पाणी पितं, म्हणून तासाभराने पुन्हा भरा आणि मग पातळीला खडूची रेघ मारा. अर्ध्या तासात पाणी रेघेखाली ठळक उतरलं, तर एखादा जोड सुटलाय. हा प्रयोग चेंबरपुरताच करा. गच्चीपर्यंतचा उभा पाइप भरून बघण्याचा उत्साह नको. तीन मजल्यांच्या उंचीएवढ्या पाण्याचा दाब झेलायला पावसाळी पाइपाचे जोड बनवलेले नसतात.

चेंबरमध्ये, विशेषतः मैल्याच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये, माणूस उतरवू नका. आतला वायू दिसत नाही आणि क्षणात जीव घेतो. असं काम माणसाकडून करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. बाहेरून बांबूच्या कामट्या, ड्रेन रॉड किंवा जेटिंग मशीन वापरा. ॲसिड ओतून गाळ जात नाही. त्याने चेंबरचं सिमेंट मात्र खाल्लं जातं.

पाइप पुरतो का?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं गणित घरी होतं. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस झाला, तर तिच्यावरून तासात ४,६५० लिटर पाणी उतरतं.

पाइपाच्या मापासाठी आपल्याकडे बांधकामात जो तक्ता वापरतात, त्यानुसार तासाला १०० मिलिमीटर जोराच्या पावसात ७५ मिलिमीटरचा, म्हणजे तीन इंची, पाइप सुमारे २० चौरस मीटर गच्चीला पुरतो. १०० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची, सुमारे ४३ चौरस मीटरला पुरतो. जोर १५० मिलिमीटरवर गेला, तर हाच चार इंची पाइप फक्त २८ चौरस मीटर झेलतो. म्हणजे अशा पावसात हजार चौरस फुटांच्या गच्चीला चार इंची चार पाइप हवेत. बहुतेक घरांना दोन असतात, त्यातला एक तीन इंची आणि दुसऱ्याच्या तोंडाशी तुळशीची कुंडी.

विकत घेताना पाइपावरचा छापा वाचा. उभ्या पावसाळी पाइपांसाठी आयएस १३५९२ हे मानक आहे. त्यात ‘ए’ प्रकार पावसाच्या पाण्याचा आणि ‘बी’ प्रकार मैलापाण्याचा. जमिनीखाली गाडायच्या पाइपांचं मानक वेगळं, आयएस १५३२८. उभ्याचा उरलेला पातळ तुकडा जमिनीत घालून काम उरकणं ही नेहमीची चूक आहे.

आता दुरुस्ती, बुडापासून

पहिलं काम शेवटच्या टोकाचं. पाणी जिथे सोडायचं ते गटार तुमच्या आवारापेक्षा खाली आहे का, ते लेव्हल ट्यूबने बघा. दर डांबरीकरणाला रस्ता दोन-तीन इंच चढतो. वीस वर्षांपूर्वी रस्त्यापेक्षा उंच असलेलं अंगण आज खोलगट झालेलं असतं. अशा वेळी पाइप बदलून उपयोग नाही. अंगणाची पातळी, चेंबरची खोली आणि सोडायची जागा यांचा एकत्र विचार करावा लागतो. रस्ता खोदायचा असेल, तर नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या.

दुसरं, जमिनीखालची ओळ. तिला मीटरला एक ते दीड सेंटिमीटर ढाळ द्या. म्हणजे १५ मीटर लांबीला दोन टोकांत किमान १५ सेंटिमीटरचा फरक. साताऱ्याच्या चढावर उलट अडचण येते: पाइप घसरगुंडीसारखा टाकण्यापेक्षा मध्ये पायरीची चेंबरं करा, त्यात खडे आणि मुरूम खाली बसतो. ओळ भिंतीला चिकटून नेऊ नका, निदान मीटरभर लांब ठेवा आणि घराखालून तर नेऊच नका. पाइप पुढे जाताना मोठा होऊ शकतो, लहान कधीच नाही. दोन ओळी मिळतात तिथे काटकोनी ‘टी’ऐवजी प्रवाहाच्या दिशेने झुकलेला ‘वाय’ वापरा.

चराच्या तळाशी चार इंच वाळू किंवा बारीक मुरूम पसरून त्यावर पाइप टेकवा. पाइपाभोवती आणि वर अर्धा फूट तेच भरा, मग अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर देऊन ठोकून घ्या. साताऱ्यात चरातून निघालेले दगड तसेच परत ढकलले जातात आणि त्यातलाच एखादा टोकदार दगड पाइप फोडतो. सांगलीत निघालेली काळी माती पाइपाभोवती परत घालू नका, मुरूम आणा. जोड रबरी रिंगचे घ्या आणि पाइपाचं टोक सॉकेटमध्ये पूर्ण दाबून झाल्यावर सेंटिमीटरभर मागे घ्या. माती हलली तर तेवढी जागा जोडाला वाचवते. गाडी जाते त्या जागी पाइपावर दोन फूट भर मिळत नसेल, तर त्याला भोवतीने काँक्रीट करा.

तिसरं, चेंबर. प्रत्येक वळणावर एक आणि सरळ ओळीत दहा-पंधरा मीटरला एक. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या खाली सहा इंच खोल गाळखड्डा ठेवा. वर्षातून दोनदा तगारीभर गाळ काढणं हे बंद पाइप फोडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. चेंबरचं झाकण फरशीखाली गाडू नका. झाकण दिसलं की अंगणाची शोभा जाते असं म्हणणाऱ्यांना पुढे अख्खं अंगण फोडावं लागतं.

चौथं, बूड. उभा पाइप जिथे आडवा होतो, तिथे काटकोनी बेंड हीच तुंबण्याची पहिली जागा. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घाला आणि त्याच्या वर, हाताला येईल अशा उंचीवर, झाकणाचा तुकडा बसवा, म्हणजे पुढच्या वेळी पहार लागणार नाही. घराभोवती तीन फुटांचा फरसबंदीचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतरता करा.

पाचवं, उभा पाइप. सॉकेट वर, क्लॅम्प नवे, ओळंब्यात उभा. सॉल्व्हंट लावण्याआधी दोन्ही तोंडं कोरडी आणि स्वच्छ हवीत. गळक्या जोडावर बाहेरून थापलेला एपॉक्सीचा गोळा एक पावसाळा निभावतो, तेवढाच. उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं, म्हणून त्याला रंग द्या.

हे सगळं झाल्यावर गच्ची. तोंडाभोवतीचा हातभर कोबा फोडून तिथे उथळ खळगा करा, वाटा नव्याने मारा, घुमटाची जाळी बसवा. एवढं करून एक पावसाळा जाऊ द्या. त्यानंतरही वरच्या छताला ओल आली, तरच पूर्ण वॉटरप्रूफिंगचा खर्च काढा.

सांगलीकरांसाठी वेगळं

कृष्णाकाठी पाणी दोन्ही दिशांनी येतं. ‘आयर्विनला किती फूट?’ हा सांगलीचा पावसाळ्यातला रोजचा प्रश्न. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीची पातळी ५७ फुटांवर गेली होती. पण घरात पाणी शिरण्यासाठी नदीने काठ ओलांडावाच लागतो असं नाही. नदी फुगली की नाल्यांचं पाणी उलटं फिरतं, गटारातून चेंबरमध्ये आणि चेंबरमधून अंगणात येतं. आयर्विनला किती फूट असताना तुमच्या गल्लीतलं गटार थांबलं आणि किती फुटांना चेंबर उलटलं, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या आठवणीतून शेजाऱ्यांना विचारून त्या नकाशावर लिहून ठेवा. तो तुमच्या घरापुरता धोक्याचा आकडा.

गटाराला मिळण्याआधीच्या शेवटच्या चेंबरमध्ये एकदिशा झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवता येते. दोन गोष्टी मात्र समजून घ्या. झडपेच्या फटीत काडी अडकली तरी ती बंद होत नाही, म्हणून मृगाआधी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर ती साफ करावी लागते. आणि झडप बंद असताना तुमच्या गच्चीचं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा ते उपसायला लहान पंप किंवा पृष्ठभागावरून जाणारी वेगळी वाट हवी. जमिनीवरूनच पूर आला, तर झडप काही करू शकत नाही. मग सामान वर आणि माणसं सुरक्षित जागी, हाच उपाय.

पूर ओसरल्यावर पाइपातला गाळ ओला असतानाच धुवा. पुराचा बारीक गाळ वाळला की दगडासारखा बसतो.

पाणी सोडायचं कुठे?

वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीत उतरणं कायद्याला मान्य आहे. पण गच्चीभराचं पाणी एका पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या कुंपणाशी सोडणं म्हणजे नैसर्गिक उतार नव्हे. साताऱ्यातल्या चढावरच्या घरांनी हे लक्षात ठेवावं. घराशेजारचा ओढा उन्हाळ्यात कोरडा दिसतो म्हणून त्यात भर टाकू नका. पाणी आपली वाट विसरत नाही.

शोषखड्डा करण्याआधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरल्यावर पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा किती वेळात जिरतं ते बघा. मुरमात ते झपाट्याने उतरतं. कातळात आणि काळ्या मातीत तासन्‌तास तसंच राहतं. तिथे शोषखड्डा म्हणजे डासांचं डबकं. खड्डा पायापासून निदान तीन मीटर लांब हवा. बोअरवेलमध्ये पाणी सोडायचं तर पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढून, गाळणीतूनच सोडा. माण, खटाव, जत, आटपाडीत तर गटाराआधी टाकीचा विचार करावा. ५०० मिलिमीटर पावसात हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून, वीस टक्के वाया गेलं असं धरूनही, ३७ हजार लिटर पाणी मिळतं. चांगला पाइप तिथे पाणी घालवायचा नसतो, आणायचा असतो.

सोसायटी आणि ठेकेदार

फ्लॅटमध्ये ओल एकाच्या भिंतीत दिसते, म्हणून खर्च त्याच्या माथी मारला जातो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची, ड्रेनेजची आणि पावसामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती हा संस्थेचा खर्च आहे. लेखी अर्ज द्या, फोटोवर तारीख टाका.

ठेकेदाराला ‘पाइपलाइनचं काम’ असं मोघम सांगू नका. पाइपाचा प्रकार, माप, लांबी, ढाळ, चेंबरांची संख्या, चरात भरायचं साहित्य, फोडलेली फरशी पूर्ववत करण्याची जबाबदारी, हे सगळं लिहून घ्या. चर बुजवण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. पैशाचा शेवटचा हप्ता आरशाची आणि बादलीची परीक्षा झाल्यावरच द्या.

वर्षाचं वेळापत्रक

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पाहणी. मृगाआधी खोदकाम संपलेलं हवं, कारण ओल्या काळ्या मातीत चर उभाच राहत नाही. पहिला मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. त्या दहा मिनिटांत जे दिसतं ते कोरड्या दिवसात दिसत नाही. आषाढात एकदा आणि हस्त सरल्यावर एकदा जाळ्या आणि गाळखड्डे साफ करा. भिंती पूर्ण सुकल्यावरच रंगकाम काढा, मग ती दिवाळी असो की पुढचा पाडवा.

यातल्या पाहणीला पैसे लागत नाहीत. मे महिन्यातला एक रविवार, दोन बादल्या पाणी आणि चिमूटभर नीळ लागते. रंगाऱ्याला फोन करण्याआधी तेवढं कराच.